अस्तरातला बंधू

गुणाजी घाडींना मुंबईचा हिवाळा फार तोकडा पडे. जानेवारीत आठ-दहा सकाळी गार वारा सुटला की ते कपाट उघडत, डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरे आणि आतल्या जाकिटांतलं एक अंगावर चढे. वैमानिकांची जुनी जाकिटं होती ती. कुठल्या कुठल्या देशांच्या हवाई दलांतली, कुणाकुणाच्या अंगावरून उतरून चोरबाजारात आलेली. थंडी सरली तरी गुणाजींची हौस सरत नसे. मग ते जाकीट पिशवीत घालून परळच्या मॉलमध्ये जात, आत शिरल्यावर चढवत, एसीत तासभर फेऱ्या मारत आणि बाहेर पडण्याआधी घडी करून पुन्हा पिशवीत ठेवत.

"काय पायलट, विमान खाली बेसमेंटात लावलंत काय?" शेजारचे जयवंतराव लिफ्टपाशी हमखास विचारत.

"लावलंय. तुमची स्कूटर काढा मधून, मग उडवतो."

विमानात ते जन्मात बसले नव्हते. सारी नोकरी लिफ्टदुरुस्तीत गेली. उमेदीच्या वयात कफ परेडच्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत काम लागलं. समुद्रावरचा वारा हाडांत शिरायचा, म्हणून शुक्रवारच्या बाजारातून एक जाडजूड चामडी जाकीट आणलं. विकणारा म्हणाला, पायलटचं आहे. दुसऱ्या दिवशी ते घालून गच्चीवर उभं राहिल्यावर खालची मुंबई आपल्याला निराळीच दिसली, असं गुणाजी सांगत. तेव्हापासून हा नाद लागला.

अंबिकाबाईंना या नादाचं भय होतं. तशा त्या मुळातच धास्तीच्या. लालबागच्या जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर असतानाही त्या भिंतीच्या कडेकडेने चालत. चाळ पाडून बिल्डरने टॉवर उभा केला आणि घाडींना चौदाव्या मजल्यावर घर दिलं, तेव्हा शेजारणी पेढे वाटत होत्या आणि अंबिकाबाई देवासमोर डोळे मिटून बसल्या होत्या. राहायला आल्यापासून बाल्कनीत त्यांनी पाऊल टाकलेलं नव्हतं. कपडे वाळत घालायचे ते गुणाजींनी आणि काढायचेही त्यांनीच.

आणि जाकिटं तर परक्यांची. लढाईतल्या माणसांची.

"मेल्याचा कापड अंगार घालतत काय कोण?" त्या विचारत.

"मेलो कशावरना? म्हातारो होऊन पेन्शन खाय असात," गुणाजी हसून म्हणत.

एक हिरवं नायलॉनचं जाकीट होतं, त्याला आतून भगभगीत नारिंगी अस्तर. गुणाजींनी ते उलटं करून दाखवलं होतं. विमान पडलं, माणूस वाचला, तर त्याने जाकीट असं उलटं घालायचं, म्हणजे शोधायला येणाऱ्यांना लांबून दिसतं. अंबिकाबाईंना आईची आठवण झाली होती. रानात चकवा लागला, वाट सापडेना, तर अंगातला कपडा काढून उलटा घालावा, असं आई सांगे. तेवढं एक जाकीट त्यांना जरा आपलं वाटे.

संक्रांत झाली आणि गुणाजींनी तपकिरी जाकीट आणलं.

ते घोड्याच्या चामड्याचं होतं, कॉलरीला मेंढीची लोकर, छातीवर उसवलेल्या शिलाईची भोकं, जिथे कधीतरी नावाची पट्टी असावी. चामडं इतकं मुरलेलं की बाह्या कोपरात वाकलेल्याच राहत. खुंटीला टांगलं तरी आत कुणीतरी हात किंचित दुमडून उभं आहे असं वाटे. पाठीचं अस्तर फाटलं होतं. गुणाजींनी ते उसवलं, तर आतून रुमालाएवढं रेशमी कापड निघालं. तीन बाजूंनी शिवलेलं, एक बाजू सुटी. त्यावर गिचमीड लिहिलेलं.

अंबिकाबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि हात मागे घेतला. काही ओळी नुसत्या वेटोळ्यांच्या होत्या, गोलात गोल. त्याखालच्या ओळींना आपल्यासारखी डोक्यावरची रेघ होती, अक्षरंही ओळखीची वाटत, पण एकही शब्द लागत नव्हता. जणू कुणी मराठीच लिहिली होती आणि वाचता येऊ नये म्हणून मोडली होती.

"करणी आसा ही," त्या पुटपुटल्या. "कोणीतरी मुद्दाम शिवलेली."

"गो, लढाईतली कसली तरी खूण असात. ऐंशी वर्सां झाली तेका."

"म्हणान काय झाला? माका ह्या घरात नको."

गुणाजींनी ऐकलं नाही. दुसऱ्या सकाळी ते जाकीट घालून बाल्कनीत उभे राहिले. चहा गाळता गाळता अंबिकाबाईंनी हाक मारली. ओ आली नाही. दारातून पाहिलं तर गुणाजी दोन्ही हातांनी कठडा धरून ताठ उभे होते, डोळे घट्ट मिटलेले, चेहरा घामाने डबडबलेला. लिफ्टच्या अंधाऱ्या बोगद्यांत आयुष्यभर लोंबकळलेला माणूस, त्याला आपल्या बाल्कनीतून घरात येता येईना. मिनिटाभराने ते कसेबसे वळले आणि खुर्चीत कोसळले. सारं गरगर फिरलं, म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो बिघडलाय. गोळ्या घ्या, काही दिवस उंचावरून खाली बघू नका. अंबिकाबाईंनी मान डोलावली. त्यांना खरं कारण माहीत होतं. ते खुंटीवर टांगलेलं होतं.

त्या आठवड्यात घरातली भीती सरकत सरकत दुपारवर येऊन बसली. गुणाजी गोळी घेऊन आतल्या खोलीत झोपत, टॉवर सुस्तावे, आणि बाहेरच्या खोलीत अंबिकाबाई आणि ते जाकीट असे दोघेच उरत. फटीतून वारा आला की उजवी बाही हलायची. डावी नाही, उजवीच. त्या खुर्ची फिरवून पाठ करून बसत, आणि मग पाठीला सारखं वाटे की आता हात लागेल. दोनदा त्यांनी खुंटीवर चादर टाकली. चादरीखाली ते जास्तच माणसासारखं दिसू लागलं. शिवाय गुणाजी झोपेतून उठले की आधी बाल्कनीच्या दाराकडे जात. जुनी सवय होती ती. "जरा हवा खातंय," म्हणत, आणि अंबिकाबाई मागून हाका मारत राहत. जाकिटातल्याला आपला नवरा हवाय, तोच त्यांना खाली ओढतोय, याबद्दल त्यांना शंका उरली नव्हती.

शनिवारी दुपारी त्यांनी मनाचा हिय्या केला. गुणाजींचं घोरणं सुरू झाल्यावर जाकीट खुंटीवरून काढलं. हात लावताना तोंडाने देवाचं नाव चालू होतं. बाजाराच्या मोठ्या पिशवीत कोंबलं, वर एक नारळ ठेवला. टॅक्सीने शिवडीच्या खाडीवर जायचं, नारळासकट पाण्यात सोडायचं आणि मागे न बघता यायचं. भंगारवाल्याला दिलं तर दुसऱ्या कुणाच्या घरात जाईल, तेही पाप.

लिफ्ट नवव्या मजल्यावर थांबली आणि तिथे राहणाऱ्या सुमतीबाईंची सून आत आली. पारोमिता तिचं नाव. कोलकात्याची मुलगी, सुमतीबाईंच्या यतीनच्या ऑफिसातली. लग्न होऊन वर्ष होत आलं होतं आणि मराठी ती हट्टाने बोले.

"काकी, एवढा उन्हात कुठे?" म्हणता म्हणता तिचं लक्ष पिशवीकडे गेलं. नारळाच्या भाराने जाकीट पालथं झालं होतं आणि रेशमी कापडाची सुटी बाजू बाहेर लोंबत होती. "अरे! ही तर बांगला!"

अंबिकाबाईंच्या कानांत एकच शब्द राहिला. बंगालची. स्टेशनांच्या भिंतींवर, मुताऱ्यांच्या दारांवर त्यांनी जन्मभर त्या बाबांच्या जाहिराती पाहिल्या होत्या. वशीकरण, मूठ, सवत, शत्रू, बंगाली बाबा. म्हणजे आपला संशय खराच होता. पिशवी हातातून निसटली आणि नारळ गडगडत लिफ्टच्या कोपऱ्यात गेला.

"वाचू नको गो बाय," त्या ओरडल्या. "मोठ्याने वाचू नको!"

पण ती वाचायला लागलीसुद्धा होती. "प्रियो बोन्धु..."

"काय? काय म्हणाला तो?"

"प्रिय बंधू. असं लिहिला आहे. पुढे..." लिफ्ट तळमजल्यावर थांबली, दार उघडलं, तरी दोघी आतच. पारोमिता ओळींवरून बोट फिरवत एकेक शब्द मराठीत आणत होती. "मी आकाशातून पडला. मी तुमचा वाईट करायला आला नाही. मला भूक आहे. मला पाणी द्या, जेवण द्या, शत्रूपासून लपवा. माझ्या माणसांपर्यंत पोहोचवा. सरकार तुम्हाला इनाम देईल. वरचा हा बर्माचा अक्षर असणार, काकी. तोच मजकूर. तिकडे जंगलात पडला तर ज्याला जे येतं ते वाचेल ना, म्हणून."

अंबिकाबाईंनी कापडाचं टोक चिमटीत धरलं. मग हळूच म्हणाल्या, "बंधू म्हणतो?"

"आमच्यात बंधू म्हणजे मित्र, काकी."

"आमच्यात भाऊ."

दार दोनदा मिटलं आणि उघडलं. पारोमिताने नारळ उचलून त्यांच्या हातात दिला. "तुमचा तब्येत बरा आहे ना?"

"बरी आहे. तू जा तुझ्या कामाला." त्यांनी चौदाचं बटण दाबलं.

वर जाताना जाकीट त्यांनी पिशवीतून काढून छातीशी धरलं होतं. भीती गेली नव्हती, पण तिने कूस बदलली होती. इतके दिवस त्या त्याला भीत होत्या. आता डोळ्यांसमोर एक पोर दिसत होतं, मिसरूड फुटलेलं, परक्या रानात पडलेलं, भाषा कळत नाही, कुणाची चाहूल लागली की काळीज तोंडात येतंय. कोपरं वाकवून, हात अंगाशी गच्च धरून ते झाडामागे बसलंय. भेटलं असेल का कुणी? जेवलं असेल का? जाकीट बाजारात आलं, म्हणजे अंगातून उतरलं. कुणी उतरवलं?

घराचं दार उघडलं तर पलंग रिकामा होता. बाल्कनीचं दार सताड उघडं.

गुणाजी बाल्कनीत फरशीवर बसले होते. कठड्याचे गज दोन्ही मुठींत आवळलेले, कपाळ गजाला टेकलेलं, डोळे मिटलेले.

"अंबिके?" पावलांचा आवाज ऐकून ते म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "खंय गेल्लंस? जाग इली तर तू नाय, जाकीटय नाय. खाली बघूक इलंय तर... माका उठूक येणा नाय गो. सगळा फिरता."

उंबऱ्याच्या अलीकडे अंबिकाबाई उभ्या होत्या. पलीकडे आभाळ होतं, नुसतं आभाळ, आणि तळाशी कुठेतरी लालबागच्या गाड्यांची गुणगुण. आजूबाजूला कुणी नव्हतं. हाक मारली तरी माणूस येईपर्यंत हे हात सोडतील की काय, कुणी सांगावं?

त्या उंबऱ्यात बसल्या आणि जाकिटाची एक बाही पुढे फेकली. "धरा ही. ओढतंय मी."

गुणाजींनी एक मूठ सोडून डोळे न उघडता फरशी चाचपली. बाही वीतभर लांब पडली होती. त्यांचा हात हवेत चाचपडत राहिला, आणि तो बघवेना.

अंबिकाबाईंनी डोळे मिटले, एक गुडघा पुढे टाकला. मग दुसरा. फरशी उन्हाने तापली होती आणि वारा कानांत घोंघावत होता. हाताला गुणाजींचा सदरा लागला. त्यांनी बाही त्यांच्या मुठीत दिली, स्वतः दुसरी धरली. "डोळे उघडू नकात. माझ्याबरोबर सरका." चामडं ताणलं गेलं, करकरलं, पण शिवण उसवली नाही. दोघं रांगत, ढोपरं घासत उंबऱ्याच्या आत आली. अंबिकाबाईंनी पायानेच दार लोटलं. मग भिंतीला टेकून दोघंही कितीतरी वेळ धापा टाकत बसून राहिली, मध्ये जाकीट.

"तू भायर इलंस?" गुणाजी शेवटी म्हणाले.

"इलंय. आता विचारू नकात. पुन्हा विचारलात तर भिरभिरतला माका."

गुणाजींची गरगर ओसरल्यावर अंबिकाबाईंनी सारं सांगितलं. खाडीचं, नारळाचं, पारोमिताने वाचलेलं. गुणाजी कापडावरून अंगठा फिरवत ऐकत राहिले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "माका वाटला होता, खूण असात कसली तरी."

"जेवाण मागता तो. आणि तुम्ही तेका मॉलात फिरवूक निघाल्यात."

घाडी हे गावचं मानाचं घराणं. देवळात देवापुढे उभं राहून साऱ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. गुणाजींचे वडील तो चालवत. गुणाजींना त्यातलं अर्धंमुर्धं आठवे. दिवेलागणीला अंबिकाबाईंनी पानावर भात, वरण आणि खोबऱ्याचा तुकडा वाढला. नारळ तोच, खाडीसाठी घेतलेला. गुणाजी भिंतीचा आधार घेऊन उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी हात जोडले. "हो कोण आसा, खंयचो आसा, आमका ठाऊक नाय. लेकरू कोणाचा तरी आसा. वाट चुकलेला आसा. तेका भूक लागली आसात तर पोटभर घाल, भियाला आसात तर सांभाळ, आणि तेचा घर जंय आसात थंय तेका पोचय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," अंबिकाबाई म्हणाल्या.

पान बाल्कनीत ठेवायचं होतं, कावळ्यासाठी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

चक्कर गोळ्यांनी हळूहळू उतरली. गुणाजी पुन्हा मॉलमध्ये जाऊ लागले, दुसरी जाकिटं घेऊन. तपकिरी जाकीट त्यांनी पुन्हा अंगात घातलं नाही आणि अंबिकाबाईंनी ते कपाटातही जाऊ दिलं नाही. कापडाची सुटी बाजू शिवून टाकली, बारीक टाक्यांनी. दुपारी वारा आला की उजवी बाही अजून हलते. अंबिकाबाईंच्या अंगावर अजून काटा येतो. त्या उठतात, पण चादर टाकत नाहीत. जाकीट खुंटीवर उलटं टांगलेलं असतं, अस्तर बाहेर, अक्षरं दाराच्या दिशेने. कुणी शोधत आलं तर त्याला दिसावं.