नदीच्या चित्रामागचा कागद

अंबरनाथच्या त्या चित्राची केस माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल; मी तिथल्या ठाण्यात फौजदार होतो. एका कारखान्यातले अधिकारी धाकट्या भावाला घेऊन पोलीस ठाण्यात आले. त्यांच्या वडिलांकडे कुठल्याशा शहरातल्या नदीकाठाचे एक जुने चित्र होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कुणा चित्रकाराने तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले. घाट, होड्या, धुणे धुणाऱ्या बायका. घरी आलेल्या एका जाणकार पाहुण्याने फ्रेम उघडून पाहिली आणि सांगितले, ही नक्कल आहे. अस्सल छापाच्या कडेला पत्र्याचा दाब बोटाला लागतो. हा कागद सपाट होता.

संशय घरच्या कामवालीवर. बदलापूरजवळच्या गावातली विधवा बाई; फ्रेम रोज तीच पुसायची. दुसऱ्याच दिवशी निनावी फोन आला, "चित्र बाईच्या घरात आहे." निनावी फोन करणाऱ्याला पोलिसांपेक्षा जास्त घाई असते. तरी झडती घ्यावीच लागली. पंचांसमोर पेटी, फडताळ, तांदळाचा डबा, सगळे उपसले. अख्खे गाव जीपभोवती जमले. मिळाले काहीच नाही.

"मना त्या चित्रातला काय कलतं, सायब?" बाई म्हणाली. "पन आता मना कामावर कोन घेल?"

धाकटा भाऊ रोज ठाण्यात यायचा. "साहेब, दोन फटके द्या, बोलेल ती." हा उत्साह मला खटकला. जप्त केलेली फ्रेम मी उलटी करून पाहिली. वडिलांनी ती पुण्यात करून घेतली होती. मागे चिकटवलेला कागद मात्र सिंधी वर्तमानपत्राचा, तोही ताजा. फ्रेमवाले हाताला लागेल ती रद्दी चिकटवतात, आणि शेजारच्या सिंधी वस्तीच्या उल्हासनगरात ती सिंधीच असणार; म्हणजे फ्रेम नुकतीच तिथे उघडली गेली होती.

भावाला बोलावले. चहा मागवला, फ्रेम टेबलावर पालथी ठेवली आणि गप्प बसलो. त्याने चहाला हात लावला नाही.

"तो उल्हासनगर कॅम्प तीनचा फ्रेमवाला खोटारडा आहे!" तो एकदम म्हणाला.

मी कुठल्याही फ्रेमवाल्याचा विषयच काढला नव्हता. निनावी फोनही आपणच केल्याचे त्याने कबूल केले. "वडिलांच्या वस्तूत माझा वाटा नाही का?" म्हणत त्याने घरच्या कपाटातून अस्सल चित्र काढून दिले. रोज गावातली घाण वालधुनी नदी नाक दाबून ओलांडणारा हा माणूस, कागदावरच्या नदीसाठी एका बाईला तुरुंगात घालायला निघाला होता! मला भयंकर संताप आला.

चौकशीसाठी ठाण्यात बसवलेल्या बाईला म्हटले, "चला, जीपने घरी सोडतो."

"जीप नको, सायब. परत धरली म्हनतील." मग म्हणाली, "मालकीनबायला माज्या दारान येऊन च्या पियाला सांगा."

मालकीणबाई, म्हणजे त्या अधिकाऱ्यांच्या पत्नी, आल्या. गावासमोर ओट्यावर बसून चहा प्यायल्या. निर्दोषपणाचा पंचनामा आम्ही पोलीस कधी करत नाही. तो त्या दिवशी तिने स्वतःच करून घेतला.

त्यानंतर कुणाच्या घरी झडतीला जाताना मी जीप गावाबाहेरच उभी करू लागलो.