बाडाला दलाल

"ठेव तिथं," वकील म्हणाले.

तिथं म्हणजे ओट्याच्या खालच्या पायरीवर, जिथं लोक वहाणा काढतात. मी माझ्या कादंबरीचं बाड ठेवलं आणि मागे सरून अंगणात उभा राहिलो. वकिलांनी आत हाक मारली. गडी तांब्या घेऊन आला. बोटं बुडवून त्यानं बाडावर पाणी शिंपडलं, चांगलं चारी बाजूंनी. मगच उचललं. पुडीची शाई ती, पाणी लागताच पसरली. पहिल्या पानावर माझ्या बहिणीचं नाव होतं, सारजा. ते माझ्या डोळ्यांदेखत निळं होऊन पायरीवर ओघळलं.

"वाळलं की बघतो," वकील विड्याच्या पानाला चुना लावत म्हणाले.

मी हात जोडले. होय, जोडले. धुळ्याच्या त्या अंगणात मला राग आला नाही, भीती वाटली. सारजा दुसऱ्यांदा मेली, असं वाटलं.

पहिल्यांदा ती जिनात मेली, कापसाची सरकी काढतात त्या कारखान्यात. माझी थोरली बहीण. बाप गेल्यावर धुळ्याच्या जिनात यंत्रात कापूस घालायला जायची. तिच्या मजुरीवर मी शिकलो, फायनल पास झालो, महारवाड्यातल्या शाळेवर मास्तर झालो. मला नोकरी लागली त्याच हंगामात तिचा पदर यंत्राच्या पट्ट्यात गेला. यंत्र लगेच थांबलं नाही. थांबवायला मुकादमाला मालकाची परवानगी हवी होती. नंतर रक्ताचा कापूस वेगळा काढला, बाकीचा गाठीत बांधला. जिन संध्याकाळपर्यंत चालू होतं.

तेव्हापासून ती माझ्या मागे आहे. भूत म्हणायचं तर म्हणा. आईनं भगताला दाखवलं, लिंबू उतरवला, काही फरक नाही. भर दुपारी मी पोरांकडून पाढे म्हणून घेत असलो की ती शाळेच्या दारात उभी. केसांत कापसाचे तंतू. बोलत नाही. मी लिहायला बसलो की समोर येऊन बसायची आणि थांबलो की खोकायची. म्हणून मी थांबलो नाही. तिची कादंबरी पुरी झाली.

पण छापायची कशी? आमच्या खान्देशात कापसाला दलाल, केळीला दलाल, बैलाला तर दोन्हीकडून दलाल. पुस्तकालाही लागतो हे मला उशिरा कळलं. पुण्याचा प्रकाशक आमच्यासारख्याचं बाड उघडून बघत नाही. वजनदार माणसाला शब्द टाकावा लागतो. असा माणूस शोधायला मी निघालो.

वकिलांनी बाड पुढच्या हंगामात परत दिलं. दोरीची गाठ माझीच होती, सुटलेली नव्हती. पानं एकमेकांना चिकटलेली. मी सगळं पुन्हा लिहून काढलं.

मग चाळीसगावचे एक पेन्शनर हेडमास्तर. ते खिडकीतूनच बोलले. "तुम्ही लोकांनी अभंग लिहावेत. कादंबरीला संस्कार लागतात." संस्कार काय, आठवड्याच्या बाजारात मिळतात? मला हे तेव्हा सुचलं नाही, गाडीत बसल्यावर सुचलं. आमचं शहाणपण नेहमी गाडीत बसल्यावरच येतं. रागानं मी दातओठ खात होतो.

शेवटी जळगावचे नाना भेटले. सुधारक. सभेत अस्पृश्यतेवर असं बोलायचे की ऐकणाऱ्यानं डोळे पुसावेत. त्यांनी बाड हातात घेतलं. पाणी नाही, काही नाही. मला चहा दिला. कपाला कान नव्हता आणि तो बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला होता, पण चहा दिला. मी स्वतःला म्हटलं, एवढं चालायचंच.

नानांनी घरच्यांना कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवली. मंडळी ओसरीवर, मी खाली पायरीवर. पदर पट्ट्यात जातो तिथं नानांच्या पत्नी, माई, रडायला लागल्या. "किती गुणी पोर हो," म्हणाल्या. माझ्या सारजासाठी त्या घरात कुणीतरी रडलं. मला त्या माणसांच्या पाया पडावंसं वाटलं.

नाना पुण्याला जाऊन आले. मला बोलावणं धाडलं.

"काम झालं, मास्तर. छापतायत."

मला उभ्या उभ्या रडू फुटलं. नानांनी मेजावरचं बाड जवळ ओढलं.

"दोनच गोष्टी आहेत. पुस्तकावर माझ्या पुतण्याचं नाव घालू. आणि पोरगी गरीब ब्राह्मणाची विधवा करू. सारजाच्या जागी कमला. बाकी जिन, मरण, सगळं तसंच. वाचणाऱ्याला ती आपली वाटायला हवी ना."

म्हणजे मेली ते चालत होतं. फक्त ती माझी बहीण असायला नको होती.

तरी मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. नाव कुणाचं का असेना, तिचं मरण तरी जगापुढे येईल. "विचार करून सांगतो," म्हणालो आणि गावी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या दारात कुणी नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी कोरा कागद पुढे घेऊन बसलो, मुद्दाम थांबलो. खोकला ऐकू आला नाही. इतकी वर्षं मी तिला घाबरत आलो होतो. त्या रिकाम्या दाराला त्याहून जास्त घाबरलो.

आईला नानांची अट सांगितली. ती भाकरी थापत होती. तशीच थापत राहिली.

"भाऊ, मनी पोर मरी गई तवय तिनं नाव कोनीच इचारं नही," ती म्हणाली. "आते पुस्तकमाबी ती नही शे का?"

मेली तेव्हा तिचं नाव खरंच कुणी विचारलं नव्हतं. मी जेवलो नाही. सकाळच्या गाडीनं जळगाव गाठलं.

"नाना, सारजा महाराची पोर होती. पुस्तकातही तीच राहील. आणि ते मी लिहिलंय."

"हट्ट करू नका, मास्तर. तुमच्या नावाचं पुस्तक कोण घरात घेईल? माणसं देवघराशेजारच्या कपाटात पुस्तकं ठेवतात."

"नका घेऊ."

बाड ओसरीवरच्या मेजावर होतं. दुसरं कुणी ते आणून देईना. मग मी पायरी चढलो, ओसरीवर गेलो आणि स्वतः उचललं. माई तिथंच उभ्या होत्या. माझ्या बहिणीसाठी रडलेल्या माई. त्यांनी पदर सावरला आणि अंग चोरून भिंतीला चिकटल्या. नाना म्हणाले, "हे बरं नाही केलंत." मी त्यांच्या ओसरीच्या मधोमध उभा होतो आणि मला उतरायची घाई नव्हती.

कादंबरी अजून छापली गेलेली नाही. पण सारजा शाळेच्या दारात पुन्हा उभी राहते. दलाल शोधणं मी सोडलेलं नाही. सुट्टी लागली की निघतो. बोदवड झालं, रावेर झालं. फक्त आता अट मी घालतो. दारात उभा राहून आधी माझी जात सांगतो, मग माझं नाव, मग सारजाचं. हे ऐकूनही माणसाचा हात पुढे राहिला, तरच त्या हातावर बाड ठेवतो.

परवा रावेरच्या एका सावकारानं हात मागे घेतला. मी बाड काखेत मारलं. मे महिन्यात पुण्याला जाणार आहे, एकटा, कुणाच्या शब्दाशिवाय. तिथंही दारातच सांगेन, सगळ्यांना ऐकू जाईल असं.