यंत्राचीही उलटतपासणी घेणारे कांबळे सर

कांबळे सरांची आणि माझी ओळख संशयानेच झाली. बिदरच्या आमच्या महाविद्यालयात पहिला संगणक आला आणि मी ऑपरेटरच्या जागेसाठी मुलाखतीला गेले. समोर गणिताचे प्राध्यापक म्हणून सर होते. माझं प्रमाणपत्र त्यांनी उजेडात धरून पाहिलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "ह्ये ऱ्हाऊ द्या. बसा, करून दाखवा."

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेवर, कमठाण्याहून सायकलने येऊन केलेल्या शिक्षणावर इतर लिहितीलच. मी त्यांच्या संशयी स्वभावावर लिहिणार आहे, कारण माझी नोकरी त्यानेच वाचवली.

निकालाचे दिवस होते. गुणांच्या सगळ्या याद्या एका फ्लॉपीवर. नवी यादी साठवायची आज्ञा टाईप केली की काळ्या पडद्यावर उमटायचं, 'ॲक्सेस डिनाइड', म्हणजे परवानगी नाही. प्राचार्यांनी सगळ्या स्टाफसमोर मला विचारलं, "कुलूप कामून लावलाव? कुणाचे गुण बदलायलाव?" निलंबनाचा कागद टाईप व्हायला गेला. आमच्या घरातली ती पहिली नोकरी. खरं सांगते, यंत्रच तसं म्हणतंय म्हटल्यावर माझा माझ्यावरचाही भरवसा उडाला होता.

सर आले. धीराचा एक शब्द नाही. उलट मला खुर्चीवरून उठवलं आणि कशाला हात लावू नका म्हणाले. ते फार लागलं. त्यांनी जुन्या याद्या उघडून पाहिल्या, त्या उघडत होत्या. जागाही शिल्लक होती. "परवानगी न्हाई, तर मग ह्या कशा उघडायल्यात?" ते पुटपुटले. मग एक निकामी फाइल पुसून तीच आज्ञा दिली. यादी साठवली गेली. आणखी एक घालून पाहिली, तर संदेश परत हजर. फ्लॉपीवर फायलींची नावं लिहायला ठरावीकच ओळी असतात, त्या भरल्या होत्या, एवढंच. यंत्र भलतंच कारण सांगत होतं आणि आम्ही त्याच्या शब्दावर आरोपी शोधत होतो.

सरांनी हे प्राचार्यांना करून दाखवलं आणि शांतपणे म्हणाले, "स्टाफसमोर बोललाव, स्टाफसमोरच माघारी घ्या." त्यांनी घेतलं.

पुढे मी धीर करून विचारलं, "सर, तुम्हाला खरंच माझा संशय आला होता?"

"व्हय अक्का," सर म्हणाले. "नुसत्या विश्वासावर सोडवलो असतो, तर लोक म्हनले असते, सर भोळे हायत. आता कुणाला काय म्हनता येत न्हाई."

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. संगणक आता संतपूर, जनवाड्यासारख्या गावांपर्यंत जातील. तिथेही एखादी मुलगी यंत्राच्या खोट्या वाक्यापुढे मान खाली घालून उभी असेल. तेव्हा सर तिथे असावेत. तिला आधी त्यांचा रागच येईल. येऊ दे.