मामाच्या वावराची पुलिया

रस्ता बनवायच्या आधी त्या जागेचं काय काय बिघडन हे मोजायचं कामही असते, हे मले नोकरी लागेपर्यंत माहीतच नव्हतं. नागपूरच्या एका सल्लागार कंपनीच्या ऑफिसात मी लागलो अन् पहिल्याच आठवड्यात मले एका ग्रामपंचायतीच्या स्लॅबवर नेऊन बसवलं. सोबत एक मशीन. ते हवा ओढते अन् हवेतली धूळ कागदावर जमा करते. माझं काम एवढंच, की मशीन बंद नाही पडलं पाहिजे अन् वांदरांनी त्याची नळी नाही उपटली पाहिजे. दोन वांदरं तं माझ्या एवढे ओळखीचे झाले होते, की मी डबा उघडला का बाजूले येऊन बसत.

ज्याच्यासाठी हे मोजणं होतं तो बायपास भिवापूरच्या अलीकडच्या ज्या गावाले वळसा घालून जाणार होता, ते माझ्या मामाचं गाव. शाळाही माझी तिकडचीच. शाळेत मी हेडमास्तरचा आवाज काढून खिडकीबाहेरून अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर करेल होती, त्यामुळं गावात मले सारेच ओळखत.

आमचे साहेब माणूस चांगला. आपल्या डब्यातली भाजी मले देत. त्यायची एक लकब होती. एखाद्या रकान्यात भरायले काही नसलं, की पेनाचं टोपण दातात धरत अन् नाकातून म्हणत, "आपण असं धरू." झाडं मोजायचे राहिले, आपण असं धरू. विहीर कोणाची ते समजलं नाही, आपण असं धरू. दोन दिवसांत मी तो आवाज उचलला. ड्रायव्हर हसून हसून गाडी बाजूले घेत जाय. गावातल्या पोट्ट्यायलेही मी तो ऐकवला होता.

मग एक दिवस नकाशा पाहताना दिसलं, की रस्ता मामाच्या वावराच्या खालच्या धुऱ्याले, म्हणजे बांधाले, लागून जाते. मी मामाले सांगतलं. मामा मले वावरात घेऊन गेला. मे महिना, ढेकळं अशी की चप्पल मोडन. मामानं वरच्या अंगाले हात केला.

"श्रावणात पाणी इकडून येते. नाला नाही हा, पसरून येते. पोटरीएवढं. माझ्या वावरातून जाते, धुऱ्यावरून उतरते अन् तलावात जाते. दोन दिवस. बस."

"मग काय होते?"

"काही नाही होत. जाते ना ते. पण खाली रस्त्याचा भराव उभा राहिला तं जाईन कुठी? मिरचीले पाणी लागते गा, पण पायात थांबलेलं नाही चालत. चार दिवसांत झाड मान टाकते. रस्त्याखालून पाणी जायले एक पुलिया ठेवा म्हणा साहेबाले. लहानशी. मोठ्या पाइपाची असली तरी जमते."

तेवढंच मागणं होतं. रस्ता नको, असं मामा एकदाही म्हणला नाही.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी कागद उलटे-पालटे केले.

"पावसाळा सोडून कुठल्याही एका सीझनचा अभ्यास करायचा, असा नियम आहे," ते म्हणाले. "तू स्वतः गेला होतास ना शेतात? पाणी दिसलं?"

"मे मध्ये कसं दिसन सर?"

"दिसलं का, एवढंच विचारलं."

"नाही."

त्यायनं टोपण दातात धरलं. पुढचं तुमाले माहीतच आहे.

मोजणी संपली, माझं कामही संपलं. मी नागपूरजवळच्या वाडीले एका गोदामात लागलो, ट्रकांच्या नोंदी कराले. थंडीच्या दिवसांत मामाचा फोन आला. गावात जनसुनावणी आहे म्हणे. अहवाल लोकांसमोर वाचून दाखवतात, ज्याले काही म्हणायचं आहे त्यानं उठून माइकवर म्हणायचं, अन् ते लिहून घेतात.

"तू ये अन् तू बोल," मामा म्हणला. "माइक पाहिला की माझी जीभ वाळते. तुले तं लहानपणापासून बोलता येते."

मी सुट्टी टाकून गेलो. शाळेच्या मैदानात मंडप, स्टेजवर अधिकारी, एका कोपऱ्यात व्हिडिओवाला. आमच्या जुन्या साहेबांनी पडद्यावर नकाशे दाखवले. मग नावं पुकारले. मी उठलो तं मागून पोट्टे ओरडले, "साहेबाचा आवाज काढ बे."

मले वाटलं, दोन वाक्यं काढू. लोकं ऐकाले लागतील, मग मामाची गोष्ट सांगू. मी माइकवर नाकातून म्हणलो, "आपण असं धरू." मंडप फुटला. साहेबसुद्धा हसले. मधातला मोठा अधिकारी तोंडावर रुमाल धरून हसला. अन् मी थांबलोच नाही. थांबताच येईना. आपण असं धरू, की पाणी आलं. आपण असं धरू, की पाण्याले पाय आहेत, ते भरावावर चढते, इकडं-तिकडं गाडी पाहते अन् पलीकडं उतरते. म्हणून पुलियाची गरज नाही. पोटरीएवढं पाणी, दोन दिवस, तलाव, मिरची, सारं मी सांगतलं. एकही गोष्ट सोडली नाही. पण सारं त्या आवाजात. टाळ्या थांबेपर्यंत पुढचं नाव पुकारलं होतं.

मामा पहिल्या रांगेत होता. तोही हसत होता. माझं काम झालं, असंच मलेही वाटलं.

शेवटी नोंदवून घेतलेलं सारं वाचून दाखवलं. कोणाच्या विहिरीचं होतं, कोणाच्या मोबदल्याचं. मग आलं, "एका स्थानिक तरुणाने सल्लागारांची नक्कल करून उपस्थितांचे मनोरंजन केले. सभा खेळीमेळीत पार पडली."

मामानं कानाशी येऊन विचारलं, "पुलियाचं वाचलं का गा? माझं ध्यान नव्हतं."

"वाचलं ना," मी म्हणलो.

आमच्याकडं मामा भाच्यावर चिडत नाही. उलट भाच्याच्या पाया पडते. चिडला असता तं मी खरं बोललो असतो, असं मी नंतर स्वतःले लय वेळा सांगून पाहिलं.

सोमवारी अर्ज लिहून, ज्यायनं सुनावणी घेतली होती त्या नागपूरच्या सरकारी ऑफिसात गेलो. तिथल्या बाबूनं नाव विचारलं, चेहरा पाहिला अन् हसाले लागला. "अरे, तूच तो." त्यानं कॉम्प्युटरवर व्हिडिओ लावला अन् बाजूच्या दोघांना बोलावलं. चौघं मिळून आम्ही मले पाहिलं. त्यायले पुन्हा तेवढंच हसू आलं.

"साहेब, यात पुलियाचं सांगतलं आहे. पाहा, इथी."

"ऐकलं ना. पण ती नक्कल आहे. तिचं निवेदन कसं करू? तू तर म्हणतोयस, गरज नाही."

"ते मी उलटं बोलून राहिलो होतो."

"ते मला कळतं रे. कागदाला कसं कळेल?"

"मग आता सरळ सांगतो."

"सुनावणी संपली. पण सांग."

मी सांगतलं. पाणी कुठून येते, किती येते, कुठी जाते. माझाच आवाज मले पातळ लागला. त्या आवाजात कोणापुढं काही मागायची मले सवयच नव्हती. तिघंही तोंडावर हसू तयार ठेवून उभे होते.

"आणि मग?" एकानं विचारलं.

"मग काही नाही. पाणी थांबते."

तो आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. बाबूनं माझा अर्ज घेतला, शिक्का मारला अन् ज्या गठ्ठ्यावर ठेवला तो गठ्ठा सुतळीनं बांधेल होता.

यंदा जुलैत मामाकडं गेलो. खालच्या धुऱ्यापाशी भराव पडाले लागला होता, माझ्या खांद्याएवढा. मामा मिरचीच्या रोपाच्या वाफ्यात बसेल होता. मले पाहून उठला, हात पुसले, तुराटीच्या चार काड्या उचलल्या अन् म्हणला, "चाल, बरं झालं आला. पुलिया कुठी येईन तेवढं दाखव. तिच्या समोरची जागा सोडतो, पाण्याले वाट राहीन. बाकीत लावतो."

मी भरावाकडं पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग मुरूम होता. मामा वाट पाहत होता. मी बोट केलं, मधात कुठीतरी.

"पक्कं?"

"हो."

त्यानं पावलं मोजली, दोन्ही बाजूले तुराट्या रोवल्या अन् मधातले ढेकळं पायानं बाजूले साराले लागला.