दुसरा ब्रेक

मंत्री हॉर्न वाजवू देत नसत. सिग्नल हिरवा झालाय, पुढचा गाडीवाला मोबाइलमध्ये डोकं घालून बसलाय, मागचा ट्रकवाला शिव्या घालतोय, अशा वेळी माझा हात स्टिअरिंगच्या मधोमध गेला की ते मनगटावर हळूच टिचकी मारत. "हॉर्न म्हणजे भाषण," ते म्हणत. "भाषणाने रस्ता मोकळा झालेला मी कधी पाहिला नाही. आणि भाषणं मी पुष्कळ पाहिलीत."

डँडेनॉन्ग या उपनगरात गाडी शिकलेल्या निम्म्याअधिक देशी पोरापोरींना मंत्री आठवत असतील. पांढरे केस, भर उन्हाळ्यातही टाय, आणि टपावर पिवळी पाटी लावलेली छोटी गाडी. खरं नाव आमच्या जिभेला जड, म्हणून कुणीतरी 'मंत्री' म्हणायला लागलं आणि तेच चिकटलं. मला आधी ती थट्टा वाटली होती. पण हे गृहस्थ खरोखरच कृषी खात्याचे उपमंत्री होते. पूर्व युरोपातला त्यांचा देश छोटा, नाव लिहिलं तर माणूस लगेच ओळखू येईल, म्हणून लिहीत नाही. तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळली, निवडणूक झाली आणि बहुमत कुणालाच मिळालं नाही. मग पाटी बदललेले जुने कम्युनिस्ट आणि कालपर्यंत तुरुंगात असलेले त्यांचे विरोधक यांनी मिळून सरकार बनवलं. ते जेमतेम वर्षभर टिकलं.

मला तेव्हा दूरच्या टूवूंबा गावातल्या हॉस्पिटलात, लॅबमध्ये नोकरी मिळाली होती. तिथे बसचा पत्ता नाही, गाडीशिवाय पान हलत नाही. लायसन्स नसेल तर हातातली नोकरी जाणार, म्हणून मी घायकुतीला आले होते. मंत्र्यांना मात्र घाई म्हणून ठाऊक नव्हती. आम्हा मुलांकडून उचललेली हिंदी ते आमच्यावरच चालवत. "आराम से, आराम से," करत मला राउंडअबाउटच्या गोल चौकात शिरवत आणि म्हणत, "प्रत्येकाचा चेहरा बघ. यातला कुणी तुझा मित्र नाही. पण घरी सगळ्यांनाच जायचंय." शहरात ट्रॅमच्या रस्त्यावर उजवीकडे वळायला आधी डाव्या कडेला जाऊन थांबावं लागतं. तो प्रकार शिकवताना त्यांना भलताच चेव चढायचा. "आमच्या सरकारचं धोरण हेच होतं!"

शिकवणाऱ्याच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक माझ्या पायाखाली, दुसरा त्यांच्या. पण तो दुसरा ब्रेक मंत्री मारायचेच नाहीत. एकदा मी एका आजोबांच्या गाडीला जवळजवळ भिडले, तरी त्यांचा पाय हलला नाही; नुसतं "आता तू" म्हणाले. मी थांबले आणि मग त्यांच्यावरच डाफरले, की तुमचा ब्रेक काय शोभेला ठेवलाय? त्यांना राग आला नाही. "एकदा मारला होता," एवढंच म्हणाले.

ती हकिकत त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. खात्याचा मंत्री जुना कम्युनिस्ट. त्याच्याच पक्षाने यांच्या वडिलांना तुरुंगात टाकलेलं. दोघांची टेबलं एकाच खोलीत, आणि करार असा की दोघांच्या सह्या झाल्याशिवाय एकही आदेश निघायचा नाही. "स्टिअरिंग त्याच्याकडे. माझ्याकडे फक्त ब्रेक." सरकारने ताब्यात घेतलेली जमीन शेतकऱ्यांना परत द्यायची, हे दोघांनाही मान्य होतं. तो कम्युनिस्ट मंत्री म्हणाला, एक हंगाम थांबू. आधी बियाणं, औजारं, कर्ज देऊ, मग जमीन. यांना तो कावा वाटला. त्या थांबण्याच्या आदेशावर सही न करता हे बाहेर पडले, मागोमाग यांचा पक्ष, आणि सरकार पडलं. नव्या सरकारने जमिनी झटक्यात वाटल्या. नांगरायला बैल नाही, ट्रॅक्टर नाही. लोकांनी मातीमोलाने विकल्या. यांच्या सासऱ्यांनीही विकली. गावं ओस पडली.

"तो खरंच पुढच्या हंगामात जमीन द्यायच्या आदेशावर सही करणार होता का? तेवढंच मला हवंय," मंत्री म्हणाले. तीस वर्षं हा माणूस त्या एका प्रश्नाशी झोंबत होता.

"पण ज्यांनी वडिलांना आत टाकलं त्यांच्या शेजारी बसवलं तरी कसं तुम्हाला?" मी विचारलं. विचारताना माझा आवाज चढला होता. सत्तेत शिरून काम करायचं की बाहेर राहून लढायचं, यावर आमच्या घरातच दोन तट होते. नागपूरला माझे बाबा आणि काका एकाच विहारात जायचे, एकाच चळवळीत वाढलेले, आणि या मुद्द्यावरून एकमेकांशी बोलायचे नाहीत. बाबा गेले तेव्हा काका दारापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले.

मंत्री म्हणाले, "बसवत नव्हतंच. रोज बसायचो."

टेस्टच्या आधीचा रविवार होता. आम्ही नेहमीसारखे कारखान्यांच्या भागातल्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. तिथे त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली. त्यांच्या देशातून निरोप आला होता, खात्याचा तो जुना मंत्री हॉस्पिटलात आहे, फार दिवसांचा नाही.

"मग करा की फोन, सर!"

"घरी बायको आहे. त्याचं नाव काढलं की ती ताटावरून उठते."

"इथे कुठे बायको आहे? इथे मी आहे. आणि माझ्या काकांसारखं दारात उभं राहू नका, सांगून ठेवते."

 काकांची गोष्ट मी त्यांना तोवर सांगितली नव्हती. तरी त्यांनी खिशातून फोन काढला.

पुढे टेस्ट पास झाले, टूवूंबाला आले, इथलीच झाले. मंत्र्यांच्या निम्म्या वाक्यांनी आता मी माझ्या नवऱ्याला छळते. मुलगी मागून "मम, जस्ट ड्राइव्ह!" म्हणते. गेल्या हिवाळ्यात मंत्री गेले. बातमी व्हॉट्सअॅपवर आली आणि लॅबच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी ढसाढसा रडले. बापानंतर इतक्या धीराने मला दुसऱ्या कुणी शिकवलं नव्हतं.

रडताना सारखा डोळ्यांपुढे येत होता तो, तो रविवार. मला त्यांच्या भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं. आधी ते ताठ बसून बोलले, कचेरीत बोलावं तसं. मग एकदा हसले. मग एक छोटासा प्रश्न विचारला आणि चष्मा काढून ऐकत राहिले. फोन ठेवल्यावर मला राहवेना.

"काय म्हणाले ते?"

"म्हणाला, नाही. पुढच्या काय, कुठल्याच हंगामात मी सही केली नसती. तू केलंस ते बरोबर केलंस."

"सुटलात की सर!" मी जवळजवळ ओरडलेच.

मंत्री रुमालाने चष्मा पुसत होते. "वर्षभर समोरासमोर बसलो आम्ही. मला मूर्ख म्हणाला. तुझ्या बापाला पकडलं ते योग्यच होतं, असंही तोंडावर म्हणाला. पण खोटं? माझ्याशी तो एकदाही खोटं बोलला नाही."

चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला.

"आज बोलला. मरता मरता, माझ्यासाठी."