दंडावरचा चट्टा

मुखेडहून नांदेडला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. साठीची असावी. हाताची बोटं आत वळलेली, त्यामुळे तिकीट तिनं दोन्ही तळव्यांत धरलं होतं. खिडकीशी एक नवी सून होती. तिच्या दंडावरचा फिकट चट्टा बघून म्हातारीनं हळूच विचारलं, "पोरी, चिमटा काढला तर कळतं का तिथं?"

पोरीनं पदर ओढला. "न्हाई कळत. पण कुणाला सांगू नका, मावशी."

"मी बी लपवलं होतं. बोटं वाकडी झाल्यावर समद्यांना दिसलंच की. आता ह्यो महारोग गोळ्यांनी बरा होतोय. चल, मी येते संगं."

दवाखान्याच्या थांब्यावर दोघी उतरल्या. फाटकापाशी पोर थबकली. म्हातारीनं तिला ओढलं नाही. नुसती शेजारी उभी राहिली. मग पोरच आधी आत गेली.