घर, आड आणि शाळा

बेबीनंदा पुढं मंठ्याला गणिताची बाई झाली. पण तीर्थपुरीत नववीला असताना आपल्याला गणित आवडतं, ही गोष्ट तिनं जिवाभावाच्या गिरिजालासुद्धा सांगितली नव्हती. गणित आवडणारी पोर म्हणजे शिष्ट, असं वर्गातल्या समस्त मुलींचं ठाम मत होतं, आणि एकटं पडायची बेबीनंदाची छाती नव्हती.

साल शहाऐंशी. धर्मराज सरांचा खाक्या सरळ होता. डोकं लढवायची उदाहरणं मुलांनी सोडवायची. मुलींनी भूमितीची प्रमेयं तेवढी घोकायची. "तुम्हाला पास होण्याशी मतलब," ते म्हणत. "बाकीची झंझट कशाला?" मग मुली जात्यावरच्या ओवीच्या चालीत प्रमेयं म्हणत. गिरिजाचा गळा गोड, म्हणून सुरुवात तिची. "बाजू ए बी अधिक बाजू ए सी, मोठी गं बी सी परीस..."

चाल लागली की बेबीनंदाचे डोळे मिटायचे. बी म्हणजे आपलं घर, ए म्हणजे पिंपळाजवळचा आड, सी म्हणजे शाळा. सरळ गेलं तर वाट जवळची, आडावरून वळसा घेतला तर लांबची. कमरेवर कळशी नाही, मागून कुणाची हाक नाही, अशी ती त्या रेषांवरून रमतगमत चालत राही. असलं सुख तिला दुसरीकडं कुठंच मिळत नव्हतं. तास संपल्याची घंटा झाली की तिला रडू यायचं.

गिरिजाला शिकून नर्स व्हायचं होतं. पण तिच्या वडलांनी, काकासाहेबांनी, सांगून टाकलं होतं, "नापास झाली की शाळा बंद, अन् लगीन."

वार्षिक परीक्षेचा पेपर जालन्याहून छापून आला. प्रमेयं तीच, पण त्रिकोणांची अक्षरं दुसरी: पी, क्यू, आर. मुलींच्या तोंडचं पाणी पळालं. हे आपल्याला शिकवलंच नाही, म्हणून एकजात सगळ्यांनी पानं कोरी सोडली. बेबीनंदानं मात्र घराला क्यू म्हटलं, आडाला पी, शाळेला आर, आणि लिहून मोकळी झाली.

गिरिजा नापास झाली. त्याच आठवड्यात काकासाहेबांनी सोयरीक पक्की केली.

"तुला कसं जमलं गं?" आडाच्या कठड्यावर बसून गिरिजानं विचारलं. बेबीनंदानं भीत भीत सगळं सांगितलं. गिरिजानं एकदा घराकडं पाहिलं, एकदा शाळेकडं.

"मंग अक्षरं कोणतीबी चालतेत?"

"कोणतीबी. आड तर हाच राहतो."

गिरिजा हसली. तिला बराबर कळलं होतं. मग हळूहळू तिचं तोंड उतरलं.

"इतकं सोपं व्हतं, तर मला का न्हाई सांगितलंस?"

"वाटलं, तू हसशील."

"हसलेच असते," गिरिजा म्हणाली. "पण पास झाले असते."